आठवा

होळीला चार दिवस होते,
आणि सातपुड्यात एक होळी आधीच पेटली.
खालच्या पाड्याला वाटलं, वरच्यांना घाई झाली.
वरच्यांना वाटलं, खालच्यांना चढली.
सकाळी मोहाची फुलं वेचायला गेलेली ठुमली
टोपली टाकून पळत आली:
अंजनाच्या झाडावर पांढरं लुगडं वाळतंय
आणि लुगड्याखाली माणूस.

माझा बाप, हिलाल दोधू, अक्राणीत जंगलखात्याचा नाकेदार.
साल चव्वेचाळीस, पगार अठरा रुपये,
कोपरावर विरलेला एक खाकी कोट.
तिसऱ्या प्रहरी शहाद्याहून तार आली:
लष्कराचं विमान पडलं. माणसं आठ. शोधा.

रुमाल्या पावरा माग काढायचा, बाप वहीत लिहायचा.
पहिला तो अंजनावरचा.
दुसरा-तिसरा कोरड्या नाल्यात, पाठीला पाठ लावून झोपलेले.
चौथा चालत चालत थेट भोंगऱ्याच्या बाजारात शिरला.
ढोल थांबले. तोही थांबला.
मग कुणीतरी त्याच्या ओंजळीत गूळ-दाळ्या घातल्या
आणि ढोल पुन्हा सुरू झाले.
पाचव्याचा पाय मोडलेला. बांबूला झोळी बांधून आणला,
प्रत्येक दगडाला तो एकच शब्द ओरडायचा.
रुमाल्याने तो शब्द पाठ केला,
पुढे जन्मभर बैलांना तोच घातला.
सहाव्याने पिस्तूल रोखलं,
भाकरी बघून खाली ठेवलं.
सातवा मिसरूड न फुटलेला पोरगा.
आंबील प्यायला, आणि रडला.

आठवा नाही.

शहाद्याला लष्कराची मोटार उभी होती.
बापाने दोन्ही हात वर केले, आठ बोटं दाखवली,
डोळ्यांनी विचारलं: एक कुठे?
झोळीतल्याने मान हलवली,
बापाचं एक बोट धरलं
आणि हळूच मिटवलं.
गेला, असं बाप समजला.
देह तरी सापडायला हवा.

एकोणीस फाल्गुन शोधला.
कपारी, घळी, तोरणमाळाखालची अस्वलांची बिळं.
पाचव्या वर्षी नाल्याकाठी दगड उभा केला, शेंदूर लावला,
पुढ्यात चतकोर भाकरी आणि एक विडी.
गोरे विडी ओढतात का, हे त्याला माहीत नव्हतं.
आई म्हणायची,
"सात लयनात ना तुम्हीन? आते सोडा त्याना नाद."
बाप कोट झटकायचा, निघायचा.

मी धुळ्याला तारखात्यात लागलो.
पहिल्या पंधरवड्यात आकडे शिकवले:
सात म्हणजे दोन रेघा, तीन टिंबं.
आठ म्हणजे तीन रेघा, दोन टिंबं.
मधलं एक टिंब बोटाखाली जरा रेंगाळलं
की एक माणूस जन्माला येतो.
त्या रात्री मला झोप नाही.
मिटलेलं ते बोट आठवत राहिलं.
तो गेला म्हणत नव्हता.
सातच होतो, म्हणत होता.

कागद कुठेच नाही. तारमास्तर कधीच वारला.
खरं काय, मी शपथेवर सांगू शकत नाही.
विमानाच्या पत्र्याची परात तेवढी
रुमाल्याच्या नातीकडे आहे, कोंबड्या तीत पाणी पितात.

रजा काढून गेलो, सांगायचंच म्हणून.
बाप दगडाला शेंदूर लावत होता.
"याचं नाव?" मी विचारलं.
"नाव कुठलं? आठवा."
मी त्याचा हात हातात घेतला.
बोटं तेलकट, लाल.
करंगळीजवळचं एक धरलं,
बराच वेळ धरून ठेवलं,
मिटवलं नाही.

"तुना हात गार शे," बाप म्हणाला.
मग आम्ही त्या कुणा न आलेल्या माणसासाठी विडी पेटवली.
ओढली बापानेच.